कडक उन्हाळ्याच्या वर्षातली इटालियन रेड वाईन: चव घेऊन तिची पारख कशी करायची?

समजा, युरोपात नोकरी करणारा मुलगा सुटीत घरी आला. घर वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात (नाशिकचं मालेगाव वेगळं). येताना त्याने वडिलांसाठी इटलीच्या ब्रुनेल्लो वाईनची एक बाटली आणली. लेबलवर वर्ष २०१७ आणि अल्कोहोल १४.५ टक्के.

मोबाइलवर शोधल्यावर कळतं की २०१७ हे इटलीत कडक उन्हाचं आणि दुष्काळाचं वर्ष होतं. एक जण सांगतो, "उन्हाच्या वर्षाची वाईन चांगली नसते." दुसरा सांगतो, "ऊन जास्त म्हणजे द्राक्ष गोड, म्हणजे वाईन भारी." तोवर बाटली महिनाभर कपाटावर पडून असते आणि बाहेर पारा ४२ अंशांवर गेलेला असतो.

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. वर्ष उष्ण होतं एवढ्यावरून बाटलीतली वाईन चांगली की वाईट, हे ठरत नाही. ते चाखूनच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी मोठा तज्ज्ञ असायची गरज नाही. काय शोधायचं आणि कोणत्या क्रमाने शोधायचं, एवढं माहीत हवं.

'स्ट्रक्चर' म्हणजे नेमकं काय?

वाईनबद्दल बोलताना 'स्ट्रक्चर्ड वाईन' हा शब्द वारंवार कानावर येतो. स्ट्रक्चर म्हणजे वाईनचा सांगाडा. फळाची चव आणि सुगंध हा त्यावरचा गिलावा आणि रंग. रेड वाईनचा सांगाडा मुख्यतः तीन खांबांवर उभा असतो.

पहिला खांब आम्लतेचा. कैरीची फोड तोंडात टाकली की जिभेच्या कडांना लाळ सुटते. वाईनमधली आम्लता हेच काम करते. तिच्यामुळे वाईन ताजी लागते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

दुसरा खांब टॅनिनचा. कडक कोरा चहा, जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. तो तुरटपणा टॅनिनचा. द्राक्षाची साल, बिया आणि लाकडी पिंप यांतून ते वाईनमध्ये येतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे तोंडाचा ओलावा, गुळगुळीतपणा कमी होतो. म्हणून तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शासारखा जास्त जाणवतो.

तिसरा खांब अल्कोहोलचा. त्याने वाईनला ऊब आणि भरीवपणा येतो, किंचित गोडसर झाकही येते. प्रमाण बिघडलं की मात्र नाकात आणि घशात जळजळ होते.

इटलीच्या दोन प्रसिद्ध द्राक्षजाती या सांगाड्यासाठी ओळखल्या जातात. पिडमाँट भागातली नेब्बिओलो, जिच्यापासून बारोलो आणि बार्बारेस्को या वाईन बनतात. आणि टस्कनीतली सांजोव्हेझे, जिच्यापासून कियांती क्लासिको आणि ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो बनतात. दोन्हींमध्ये आम्लता भरपूर असते आणि टॅनिनही. नेब्बिओलोची गंमत अशी की रंगाने ती फिकट दिसते, पण तोंडात घेतली की तुरटपणा जोरदार लागतो.

म्हणूनच या वाईन लगेच विकायला परवानगी नाही. नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. ब्रुनेल्लो तर द्राक्षतोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी बाजारात येऊच शकत नाही. म्हणजे २०१७ ची ब्रुनेल्लो विक्रीला आली ती २०२२ मध्ये. या काळात टॅनिन हळूहळू मऊ होतं.

ऊन वाढलं की मण्यात काय होतं?

लेबलवरचं वर्ष म्हणजे 'विंटेज', द्राक्षतोडणीचं वर्ष. बाटली भरल्याचं किंवा विकल्याचं ते वर्ष नसतं. म्हणून त्या वर्षीचं हवामान थेट बाटलीत उतरतं.

आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार म्हणतात, "मण्यात पाणी उतरलं." म्हणजे मणी मऊ पडतो, रंग धरायला लागतो आणि पक्व होण्याची सुरुवात होते. इथून पुढे मण्यात तीन घड्याळं एकाच वेळी चालतात. साखर वाढत जाते. आम्लता कमी होत जाते. साल आणि बी हळूहळू पिकतात, म्हणजे कच्चा हिरवा तुरटपणा जाऊन टॅनिन मऊ होतं.

बेताच्या हवामानात ही तिन्ही घड्याळं साधारण बरोबर चालतात. उष्ण वर्षात त्यांचा मेळ बिघडतो.

साखरेचं घड्याळ पळतं. मण्यातलं पाणी आटलं की साखरेचं प्रमाण आणखी वाढतं. एक लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे १४.५ टक्क्यांच्या वाईनसाठी लिटरमागे जवळपास २४५ ग्रॅम साखर लागते. साखर जितकी जास्त, तितकी वाईन कडक.

आम्लता झपाट्याने घसरते. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनात खर्ची पडतं आणि ऊन जितकं जास्त, तितकं ते लवकर संपतं. टार्टरिक त्यामानाने टिकतं. रात्री गार असल्या तर आम्ल वाचतं. रात्रीही उकाडा असेल तर वाचत नाही.

साल आणि बीचं घड्याळ मात्र मागे पडू शकतं. तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि जमिनीत ओल नसली की वेल पानांवरची छिद्रं मिटून घेते आणि अन्न तयार करण्याचं काम मंदावतं. अति उष्णतेत सालीतलं रंगद्रव्यही नीट तयार होत नाही. म्हणून उन्हाच्या वर्षाची वाईन जास्त गडदच असेल, असं नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगायला नको. उशिरा पेरलेल्या गव्हाला फेब्रुवारी-मार्चचा चटका बसला की पीक लवकर पिवळं पडतं, पण दाणा बारीक राहतो. पीक तयार दिसतं, पण पूर्ण भरलेलं नसतं. उन्हाच्या वर्षात द्राक्षाचंही तसंच होऊ शकतं. साखर मोजली तर तयार, बी चावून पाहिली तर अजून कच्ची.

इथे बागायतदाराची खरी परीक्षा असते. लवकर तोडावं तर आम्लता वाचते, पण टॅनिन हिरवं आणि बोचरं राहतं. थांबावं तर टॅनिन पिकतं, पण तोवर अल्कोहोल १५ टक्क्यांवर जातं आणि ताज्या फळाऐवजी मुरांब्याची चव येते. वर्षभराची मेहनत अशा चार-पाच दिवसांच्या निर्णयावर टांगलेली असते. ग्लासात आपण खरं तर तो निर्णय चाखत असतो.

सगळी उष्ण वर्षं सारखी नसतात

२००३ च्या उन्हाळ्यात युरोपात जी उष्णतेची लाट आली, तिने हजारो लोकांचे जीव घेतले. द्राक्षबागांना अशा उन्हाची सवय नव्हती. घडांना ऊन मिळावं म्हणून पानं काढून टाकण्याची जुनी पद्धत त्या वर्षी अंगलट आली आणि अनेक ठिकाणी मणी भाजले. त्या वर्षीच्या बऱ्याच बारोलो आणि ब्रुनेल्लोंमध्ये शिजलेल्या फळाची चव आणि कोरडं टॅनिन आढळलं. उंचावरच्या, गार उताराच्या बागा त्यातल्या त्यात सावरल्या.

२०१७ ची गोष्ट थोडी वेगळी. एप्रिलमध्ये दव गोठून कोवळे कोंब जळाले. मग उन्हाळाभर पावसाने दडी मारली आणि ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली. इटलीतलं वाईनचं उत्पादन खूप घटलं. पण तोवर बागायतदार शिकले होते. घडांवर पानांची सावली ठेवणं, जमीन झाकणं, तोडणी टप्प्याटप्प्याने करणं हे अनेकांनी केलं. टस्कनीत सप्टेंबरच्या पावसाने थोडा गारवाही आणला. म्हणून २०१७ च्या वाईनमध्ये बागेनुसार मोठा फरक दिसतो. शेजारशेजारच्या दोन बागांपैकी एकीची वाईन ताजी आणि दुसरीची सुकलेली लागू शकते.

२०१५ हेसुद्धा उष्ण वर्ष होतं, पण त्या वर्षीच्या अनेक टस्कन वाईन कौतुकाच्या ठरल्या. २०२२ मध्ये उत्तर इटलीत पो नदी कोरडी पडण्याइतका दुष्काळ होता. थोडक्यात, 'उष्ण वर्ष' ही माहिती म्हणजे चौकशीची सुरुवात आहे. निकाल त्यावरून देता येत नाही.

इटालियन द्राक्ष, सोलापूरचं ऊन

हा प्रश्न इटलीपुरता नाही. सांजोव्हेझे महाराष्ट्रातही पिकते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळ फ्रातेल्ली वाईन्सच्या बागा आहेत. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून हा उद्योग उभा केला. टस्कनीचे अनुभवी वाईनमेकर पिएरो मासी त्यांच्यासोबत आले. त्यांची 'सेत्ते' ही वाईन सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यो यांच्या मिश्रणातून बनते. 'सेत्ते' म्हणजे सात, म्हणजे सात भागीदार. टस्कनीत अशाच मिश्रणाची 'तिन्यानेल्लो' ही वाईन १९७१ च्या तोडणीपासून नावाजली गेली.

ऊस आणि कडक उन्हाळा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात टस्कनीचं द्राक्ष कसं पिकतं? उत्तर छाटणीच्या वेळापत्रकात आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे घड हिवाळ्याच्या कोरड्या, गार हवेत वाढतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते.

इटली आणि महाराष्ट्र यांच्यातला महत्त्वाचा फरक इथेच आहे. इटलीत द्राक्ष ऑगस्टच्या उन्हातून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारव्याकडे जात पिकतं. म्हणजे शेवटचे आठवडे हळूहळू थंड होत जातात आणि आम्लता टिकते. महाराष्ट्रात उलटं होतं. द्राक्ष गारव्यातून उन्हाकडे जात पिकतं आणि फेब्रुवारी सरता सरता दर आठवड्याला ऊन वाढत जातं. तोडणीला झालेला उशीर इथे जास्त महाग पडतो. म्हणून आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी शक्यतो पहाटे किंवा सकाळी लवकर करतात, फळ गार असतानाच वायनरीत पोहोचवतात आणि गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवरच न विसंबता आम्लताही तपासतात.

इटलीत जे २००३ किंवा २०१७ मध्ये घडलं, त्याच्याशी महाराष्ट्रातला वाईन उत्पादक दरवर्षी झुंजतो. म्हणून उष्ण वर्षाची इटालियन वाईन चाखण्याची पद्धत अकलूज किंवा नाशिकच्या वाईनलाही जशीच्या तशी लागू पडते. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या तर फार शिकायला मिळतं.

बाटली उघडण्याआधी

'रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते युरोपातल्या जुन्या, गार घरांसाठी होतं. अशा वाईनचं योग्य तापमान १६ ते १८ अंश. मालेगावात एप्रिल-मे महिन्यात घरातच ३५ अंश असतात. त्या तापमानाला कोणतीही रेड वाईन फक्त अल्कोहोलचा भपका मारेल आणि दोष विनाकारण २०१७ च्या माथी बसेल.

उपाय सोपा आहे. बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवावी आणि बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटांनी ओतावी. उष्ण वर्षाची वाईन १५-१६ अंशांपासून सुरू केलेली बरी, कारण आपल्या खोलीत ती ग्लासात झपाट्याने तापते. फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखू नये. फार गार वाईनमध्ये सुगंध दबतो आणि टॅनिन जास्त तुरट लागतं.

ग्लास तोंडाशी निमुळता, दांडीचा असावा आणि तो तिसरा हिस्साच भरावा. तरुण नेब्बिओलो किंवा सांजोव्हेझे तासभर आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली तर खुलते. बाटली दहा-पंधरा वर्षांची जुनी असेल तर हा वेळ कमी करावा, कारण जुन्या वाईनचा सुगंध हवेत लवकर उडतो. तळाशी गाळ असेल तर घाबरायचं कारण नाही. हळू ओतावं आणि शेवटचा घोट बाटलीतच ठेवावा.

चाखताना थुंकण्यासाठी एक रिकामं भांडं जवळ ठेवावं. जाणकार असंच करतात. चव घ्यायला गिळावं लागत नाही आणि तिसऱ्या ग्लासानंतर कोणाचीच पारख धड राहत नाही.

पायरी १: पाहणं

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधला रंग आणि कडेचा रंग यांत फरक बघा. वय वाढतं तशी कड विटकरी होत जाते. नेब्बिओलोत ही छटा लवकर येते, त्यामुळे ती दिसली म्हणून लगेच घाबरू नये. पण पाच-सहा वर्षांचीच सांजोव्हेझे मधोमध तपकिरी दिसत असेल तर ती वेळेआधी म्हातारी झाली आहे. कारण बागेतलं असेल किंवा साठवणुकीतलं.

ग्लासाच्या आतून ओघळणारे थेंब पाहून 'भारी वाईन' म्हणणारे बरेच असतात. ते ओघळ मुख्यतः अल्कोहोलचं प्रमाण सांगतात. दर्जा सांगत नाहीत.

पायरी २: वास

आधी ग्लास न हलवता वास घ्या. मग दोन-तीन वेळा गोल फिरवून पुन्हा घ्या. सांजोव्हेझेत आंबट चेरी, आलुबुखार, सुकलेला पाला, चामडं आणि ओल्या मातीच्या जवळचे वास येतात. नेब्बिओलोत गुलाब, चेरी आणि विशेष म्हणजे डांबराचा वास सांगितला जातो. चेरी ओळखीची नसेल तर आपल्या आठवणीतलं जवळचं फळ घ्यावं. पिकलेलं करवंद, जांभूळ, डाळिंब काहीही चालेल. वासाला नाव देणं महत्त्वाचं नाही. तो ताज्या फळाचा आहे की शिजवलेल्या फळाचा, हे ओळखणं महत्त्वाचं.

उष्ण वर्षात हाच मुख्य प्रश्न असतो. वास ताज्या करवंदाचा आला तर बाग वाचली. मनुका, खजूर आणि मुरांबा एवढेच वास येत असतील तर मणी वेलीवरच सुकायला लागले होते. थोडा मनुक्याचा वास आणि त्यामागे ताजं फळ असेल तर ते उष्ण वर्षाचं साधं लक्षण आहे. तो दोष नाही.

नाकात झणझणलं तर अल्कोहोल वर येत आहे. वाईन दोन अंश गार करून पुन्हा वास घ्या. झणझण गेली तर प्रश्न तापमानाचा होता. राहिली तर वाईनचा.

पायरी ३: घोट

एक मध्यम घोट घ्या, तोंडात सगळीकडे घोळवा, थोडी हवा आत ओढा आणि थुंका. मग तीन गोष्टी एकेक करून तपासा.

आधी आम्लता. थुंकल्यावर तोंड किंचित खाली करा. लाळ सुटते का, किती वेळ? भरपूर सुटली तर पहिला खांब उभा आहे. उष्ण प्रदेशात आणि उष्ण वर्षांत वायनरीत टार्टरिक आम्ल घालण्याची पद्धत आहे आणि इटलीतही नियमात राहून ते करता येतं. बेताने घातलं तर कळतही नाही. जास्त झालं तर आंबटपणा वेगळा पडतो, भाजीवर वरून लिंबू पिळल्यासारखा.

मग टॅनिन. तुरटपणा किती आहे यापेक्षा कसा आहे, हे बघा. पिकलेलं टॅनिन चांगल्या कोऱ्या चहासारखं असतं. तोंडभर पसरतं आणि हळूहळू विरतं. कच्चं टॅनिन केळाच्या सालीसारखं हिरवट आणि कडवट लागतं. उन्हाने सुकलेलं टॅनिन रवाळ असतं, हिरड्यांवर आणि जिभेच्या मागे कोरडं बसतं. फळाची चव संपल्यावर फक्त ते कोरडेपण मागे उरलं तर हा उष्ण वर्षाचा खरा तोटा आहे. बाटली आणखी दहा वर्षं ठेवल्याने तो भरून निघेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. कारण टॅनिन मऊ होईल त्याआधी फळाची चवच संपेल.

शेवटी अल्कोहोल. लेबलवरच्या आकड्यावर अडकू नका. युरोपीय नियमांत त्या आकड्याला अर्धा टक्का इकडेतिकडे व्हायची मुभा आहे, म्हणजे १४.५ छापलेली वाईन १५ चीही असू शकते. चांगल्या बारोलोत १५ टक्के अल्कोहोल जाणवतही नाही, कारण आम्लता आणि टॅनिन त्याला पेलतात. दुसरीकडे १३.५ टक्क्यांची अशक्त वाईन घशात जळते. प्रश्न एवढाच की ऊब छातीत शांतपणे उतरते की घशात चटका देते.

ऊन वेलीवर लागलं की बाटलीवर?

आपल्याकडच्या वाचकासाठी हा भाग सर्वांत कामाचा. वाईनला ऊन दोन ठिकाणी लागू शकतं. एक बागेत, दुसरं बाटलीत गेल्यावर: प्रवासात, गोदामात, दुकानाच्या काचेमागे किंवा घरच्या कपाटावर. दोन्हींमुळे 'शिजलेली' चव येते आणि लोक बाटलीच्या दोषासाठी वर्षाला बोल लावतात.

बाटलीला ऊन लागल्याची लक्षणं अशी:

• बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर आलेलं असतं. गरम झाल्यावर वाईन फुगते आणि बुचाला ढकलते.
• बुचाच्या कडेने किंवा वेष्टनाखाली चिकट डाग असतो.
• बुचाच्या बाजूने वरपर्यंत वाईन झिरपल्याची रेघ दिसते.
• वास एकसुरी येतो. गुळाचा पाक, उकडलेलं फळ आणि बाकी काही नाही.
• चव सपाट लागते. आम्लता आणि टॅनिन असलं तरी मधलं फळ हरवलेलं असतं.

उष्ण वर्षाच्या पण नीट ठेवलेल्या बाटलीत पिकलेल्या फळासोबत आणखी काहीतरी असतं. मसाला, फूल, चामडं, माती. दर मिनिटाला वास थोडा बदलतो. तापलेल्या बाटलीत बदल होत नाही.

इतर दोष वेगळे ओळखावेत. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बुचातून आलेला दोष. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका आला तर जिवाणूंची करामत. उष्ण वर्षात आम्लता कमी असल्यामुळे हा दुसरा दोष जास्त संभवतो.

साठवणुकीसाठी १२ ते १५ अंश उत्तम. विदर्भातल्या घरात ते तळघराशिवाय जमत नाही. म्हणून बाटली उन्हाळ्यात फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवावी. तिथे ती गरजेपेक्षा गार राहील, पण काही महिने ते चालतं. कपाटाच्या वर, स्वयंपाकघरात, गाडीच्या डिकीत ठेवू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत काही तास पुरेसे असतात.

निकाल कसा द्यायचा?

सगळं चाखून झाल्यावर स्वतःला पाच प्रश्न विचारा.

१. फळ ताजं आहे का, की फक्त मुरांबा?
२. लाळ सुटते का?
३. तुरटपणा विरतो की कोरडा चिकटून राहतो?
४. अल्कोहोल वेगळं जाणवतं का?
५. थुंकल्यावर चांगली चव किती सेकंद टिकते?

शेवटच्या प्रश्नासाठी मनात आकडे मोजा. चव पाच सेकंदांत गेली तर वाईन साधी. पंधराच्या पुढे टिकली आणि चांगली राहिली तर वाईन वरच्या दर्जाची. पाचही उत्तरं चांगली आली तर ती उत्तम वाईन, वर्ष कोणतंही असो. पहिली दोन चांगली आणि तिसरं थोडं अडखळतं असेल तर ती जेवणासोबत या एक-दोन वर्षांत संपवावी. पहिलं आणि दुसरं दोन्ही नापास झाली तर बाकीच्यांनी फारसा फरक पडत नाही.

एक सोपी कसोटी उरते. अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. सांगाडा मजबूत असलेली वाईन दुसऱ्या दिवशीही उभी असते, कधी कधी आणखी खुलते. उन्हाने खचलेली वाईन रात्रीतून कोलमडते.

वऱ्हाडी ताटासोबत जमेल का?

टॅनिनला चरबी आणि प्रथिनं मानवतात. म्हणून भाजलेलं मटण, पनीर किंवा चीज यांच्यासोबत तुरटपणा मऊ होतो. सांजोव्हेझेची टोमॅटोशी जुनी मैत्री आहे. कमी मिरचीचं, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीतही छान जमतं.

झणझणीत वऱ्हाडी रस्सा मात्र या वाईनसोबत टाळलेला बरा. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं आणि टॅनिन तो आणखी कोरडा करतं. १५ टक्क्यांच्या बारोलोसोबत ठेचा खाल्ला तर दोघांचीही चव जाते.

आणि एक गोष्ट स्पष्ट असावी. वाईन हे मद्यच आहे. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. कायदेशीर वय, परवान्याचे नियम आणि गाडी चालवायची असेल तर शून्य घोट, हे पाळूनच चव घ्यावी.

मग त्या २०१७ च्या बाटलीचं काय?

मालेगावच्या कपाटावरची ती बाटली आधी खाली उतरवावी. बूच वर आलंय का, चिकट डाग आहे का, हे बघावं. सगळं ठीक असेल तर दोन तास फ्रिजमध्ये ठेवून, कमी तिखटाच्या मटणासोबत, पाच प्रश्न विचारत ती चाखावी. ताजं फळ, सुटणारी लाळ आणि विरणारा तुरटपणा मिळाला तर समजावं की मोंताल्चिनोच्या कोणा बागायतदाराने त्या ऑगस्टमध्ये पानं राखली आणि तोडणीचा दिवस बरोबर निवडला.

उन्हाची अशी वर्षं आता वारंवार येत आहेत. इटलीतले बागायतदार उंच डोंगरउतारांकडे सरकत आहेत, सावलीच्या जाळ्या लावत आहेत. अकलूज आणि नाशिकचे बागायतदार हे गणित कधीपासून सोडवत आहेत. पुढच्या वेळी लेबलवर उष्ण वर्ष दिसलं तर बाटली परत ठेवण्याआधी एक घोट घेऊन बघावा. त्या उन्हात वेलीपाशी उभ्या असलेल्या माणसाने काय केलं, याचं उत्तर त्या घोटातच मिळतं.